न सापडणारी शिफारस : संशोधन संस्थांची संकेतस्थळे आणि शेतकऱ्यांचा शोध

मागील हंगामात शिवारफेरीला गेलो असता एका डाळिंब उत्पादकाने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. "सर, फळांवर डाग दिसले तेव्हा 'डाळिंब तेल्या औषध' असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं, ते बघून फवारणी घेतली." वर आलेल्या त्या पानावर तीन-चार औषधे एकत्र मिसळण्याचा सल्ला होता. प्रमाण मोघम होते, बागेच्या अवस्थेचा उल्लेख नव्हता आणि लिहिणाऱ्याचे नावही नव्हते. पावसाळी हवेत रोग पसरत गेला, दोन फवारण्यांचा खर्च वाया गेला आणि बहराचा मोठा भाग हातचा गेला.

याच रोगावर आमच्या संस्थेची पुस्तिका त्या वेळी संकेतस्थळावर उपलब्ध होती. ती लिहिणाऱ्यांत मी स्वतः होतो. ती त्या शेतकऱ्याला का मिळाली नाही, हे परत आल्यावर तपासून पाहिले. पुस्तिकेचे शीर्षक 'डाळिंबातील जिवाणूजन्य करपा रोगाचे एकात्मिक व्यवस्थापन' असे होते. 'तेल्या' हा शब्द चौथ्या पानावर, कंसात, एकदाच आला होता. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला होता. पीडीएफ फाईल 'प्रकाशने' या विभागात तीन पायऱ्या आत ठेवलेली होती आणि फाईलचे नाव म्हणजे केवळ एक क्रमांक होता. शिफारस योग्य होती, परंतु ती शोधणाऱ्याच्या हाती लागेल अशी कोणतीही तजवीज आम्ही केलेली नव्हती.

या अनुभवातून बनलेले मत येथे मांडत आहे. शोधयंत्रात आपले पान सापडावे म्हणून जे काम करावे लागते, त्याला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन', संक्षेपाने 'एसईओ', म्हणतात. आपल्या संस्थांमध्ये हे काम संगणक कक्षाचे किंवा ठेकेदाराचे मानले जाते, अनेकदा जाहिरातीच्या सदरात टाकले जाते. माझ्या मते ते विस्तारकार्याचेच अंग आहे आणि त्याची पहिली जबाबदारी मजकूर लिहिणाऱ्या शास्त्रज्ञावर व विस्तार कार्यकर्त्यावर आहे.

शेतकरी प्रथम कोठे विचारतो?

देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. आज अशा केंद्रांची संख्या सातशेहून अधिक आहे. २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू झाले आणि शेतकऱ्याला आपल्या भाषेत दूरध्वनीवर सल्ला मिळू लागला. शेतकरी जेथे विचारतो तेथे आपण जाऊन उभे राहावयाचे, हे या प्रत्येक टप्प्यामागील तत्त्व होते. आज तो रात्री आठ वाजता, पानावरचा डाग पाहून आल्यावर, प्रथम मोबाईलला विचारतो. या विचारण्यात तो आपल्या संस्थेचे नाव घेत नाही. पिकाचे नाव आणि आपली अडचण, एवढेच सांगतो.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे आपल्या संकेतस्थळांची रचना किती उलटी आहे ते कळते. मुखपृष्ठावर संस्थेचा इतिहास, संचालकांचा संदेश, निविदा आणि उद्घाटनांची छायाचित्रे असतात. शिफारशी कोठेतरी आत असतात. संस्थेचे नाव ठाऊक असलेल्या आणि सवडीने वाचणाऱ्या पाहुण्यासाठी ही मांडणी ठीक आहे. अडचणीत सापडलेला शेतकरी मात्र मुखपृष्ठावर येतच नाही. तो शोधयंत्रातून थेट एखाद्या आतल्या पानावर उतरतो, किंवा दुसऱ्याच कोणाच्या पानावर उतरतो.

शोधयंत्र पान कसे वाचते?

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याची स्वयंचलित प्रणाली एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात संकेतस्थळांवर फिरते. दुसऱ्या टप्प्यात वाचलेल्या मजकुराची सूची तयार होते. ग्रंथपालाने प्रत्येक पुस्तकातील विषयांची नोंद करून ठेवावी तशी. तिसऱ्या टप्प्यात, कोणी काही विचारले की त्या सूचीतून योग्य वाटणारी पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो. ज्या पानाकडे एकही दुवा जात नाही ते पहिल्याच टप्प्यात सुटण्याची शक्यता असते. ज्या पानाचा मजकूर यंत्राला वाचता येत नाही ते दुसऱ्या टप्प्यात बाद होते. ज्या पानात विचारणाऱ्याचे शब्द नाहीत ते तिसऱ्या टप्प्यात मागे पडते.

आमची पुस्तिका या तिन्ही ठिकाणी अडखळली होती. त्यातील दुसरी अडचण मराठीत विशेष मोठी आहे. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत झाला, तरीही त्यानंतर अनेक वर्षे आपल्या पुस्तिका, घडीपत्रिका आणि मासिके श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या पद्धतींच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकली गेली. छापील कागदावर ती अक्षरे सुबक दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र तो रोमन अक्षरांचा निरर्थक समूह असतो. म्हणून अशी पीडीएफ संकेतस्थळावर ठेवली तरी शोधयंत्राच्या दृष्टीने तिच्यात मराठी मजकूर नसतो. कागदाचे स्कॅन केलेले चित्र ठेवले असेल तर अक्षरे ओळखण्याचा सगळा भार यंत्रावर पडतो आणि जोडाक्षरांचे हाल होतात.

याची परीक्षा कोणालाही करता येईल. आपल्या जुन्या फाईलमधील एक वाक्य निवडून साध्या संदेशात चिकटवावे. देवनागरी जशीच्या तशी उमटली तर मजकूर वाचनीय आहे. रोमन अक्षरांची सरमिसळ उमटली तर तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मुद्रितशोधन करून, साध्या वेबपानावर पुन्हा मांडावा लागेल. पीडीएफ छपाईसाठी सोबत ठेवावी. मूळ मजकूर मात्र पानावरच असावा. मोबाईलवर बोटांनी मोठी-लहान करत बारा पानांची पीडीएफ वाचणे शेतात उभ्या असलेल्या माणसाला कठीणच जाते. गूगल तर आता संकेतस्थळांची नोंद मुख्यतः त्यांच्या मोबाईलवरील स्वरूपावरूनच घेते.

शब्द कोणाचा?

तांत्रिक बाजू एकदा दुरुस्त झाली की खरा प्रश्न उरतो तो शब्दांचा. 'जिवाणूजन्य करपा' हा शब्द शास्त्रदृष्ट्या योग्य आहे. परंतु फळावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग पाहणाऱ्या शेतकऱ्याने त्या रोगाला 'तेल्या' हे नाव दिले, आणि तो त्याच नावाने शोधणार. मिरचीची पाने आकसली की कोणी 'चुरडा-मुरडा' म्हणतो, कोणी 'बोकड्या'. ठिबक सिंचनाला अनेक जण 'ड्रीप' म्हणतात. कोणी 'हरभरा' लिहितो, कोणी 'हरबरा'. पुष्कळ जण मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकतात आणि अलीकडे बरेच जण टंकतच नाहीत, बोलून विचारतात. बोलताना वाक्य पूर्ण असते : 'सोयाबीनची पानं पिवळी का पडतात?' आपल्या पानाचे शीर्षक मात्र 'सोयाबीनमधील पीतपर्णतेची कारणमीमांसा' असे असते.

यावर सहकारी एक रास्त आक्षेप घेतात. स्थानिक नावे संदिग्ध असतात, त्यांच्या आधारे शिफारस केली तर घोटाळा होईल, असे ते म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. 'करपा' हे नाव भातावर एका बुरशीजन्य रोगाला लागते, कांद्यावर 'जांभळा करपा' वेगळा आणि टोमॅटोवरील 'लवकर येणारा करपा' आणखी वेगळा. 'लष्करी अळी' हे नाव आपल्याकडे पूर्वीपासून भात-ज्वारीवरील एका अळीला होते. २०१८ मध्ये मक्यावरील नवी आक्रमक अळी कर्नाटकात प्रथम नोंदली गेली, त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली आणि तिलाही 'अमेरिकन लष्करी अळी' हेच नाव चिकटले. दोन्ही किडी भिन्न, पिकाची हानी करण्याची रीत भिन्न.

म्हणूनच स्थानिक शब्द टाळून भागणार नाही. आपण तो टाळला म्हणून शेतकरी तो वापरणे सोडत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या पानावर जातो आणि ही संदिग्धता तेथे कोणी दूर करत नाही. योग्य मार्ग असा की शीर्षकात शेतकऱ्याचा शब्द पिकाच्या नावासह यावा आणि पहिल्याच परिच्छेदात शास्त्रीय नाव देऊन अर्थ निश्चित करावा. जेथे एकाच नावाने अनेक रोग ओळखले जातात तेथे 'करपा : कोणत्या पिकावर कोणता?' असे फरक सांगणारे छोटे पान करावे आणि तेथून प्रत्येक पिकाच्या पानाकडे दुवा द्यावा. हे काम केवळ जाणकारच करू शकतो. ठेकेदाराकडून ते होणे नाही.

देशभर काम करणाऱ्या संस्थेला हा प्रश्न अनेक भाषांत सोडवावा लागतो. हिंदीचेच पाहा. मध्य प्रदेशातील शेतकरी अळीला 'इल्ली' म्हणतो, हरियाणातील शेतकरी 'सुंडी' म्हणतो. हरभऱ्यावरील घाटे अळीचे एकच हिंदी पान लिहिताना दोन्ही शब्द पानात नैसर्गिकपणे आले पाहिजेत. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच असल्याने एका पानावर दोन्ही भाषा मिसळू नयेत. प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतंत्र पत्ता असावा आणि ही पाने एकमेकांची भाषिक रूपे आहेत अशी नोंद सांकेतिक भागात करावी. बेळगाव, बिदर, बुऱ्हाणपूर यांसारख्या सीमाभागांत एकाच घरात दोन भाषांतून शोध घेतला जातो. त्या वाचकासाठी ही शिस्त फार उपयोगाची आहे. पीकनिहाय माहिती स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत पानांच्या स्वरूपात मांडण्याचा नमुना म्हणून तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे ॲग्रिटेक पोर्टल पाहण्यासारखे आहे.

एक प्रश्न, एक पान

पुस्तिका लिहिताना आपण विषयाचा साकल्याने विचार करतो : प्रस्तावना, इतिहास, रोगकारक, लक्षणे, अनुकूल हवामान, व्यवस्थापन. शोधणाऱ्याला मात्र एका वेळी एकच गोष्ट हवी असते. म्हणून एका पानाने एकाच प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यावे. डाळिंबाच्या उदाहरणात 'तेल्या कसा ओळखावा', 'तेल्या कशामुळे पसरतो', 'तेल्याग्रस्त बागेत कोणता बहर धरावा' ही तीन वेगळी पाने होतात. पहिल्यात पाने, फांद्या आणि फळे यांवरील डागांचे वर्णन व फळाला पडणाऱ्या 'एल' किंवा 'वाय' आकाराच्या भेगांचे छायाचित्र येईल. दुसऱ्यात रोगट रोपे, पावसाचे उडणारे थेंब आणि छाटणीची निर्जंतुक न केलेली अवजारे यांची माहिती येईल. तिसऱ्यात मृग बहरात पावसाळी, दमट हवेमुळे धोका का वाढतो आणि हस्त बहराचा विचार का करावा, हे येईल. तिन्ही पाने दुव्यांनी परस्परांना जोडलेली असावीत.

प्रत्येक पानाच्या बाबतीत पुढील गोष्टी पाळाव्यात.

शीर्षक : शोधाच्या निकालात प्रथम दिसते ते शीर्षक. मोबाईलवर लांब शीर्षक अर्धवट कापले जाते, म्हणून पिकाचे नाव आणि अडचण आरंभी यावी, संस्थेचे नाव शेवटी. 'माहितीपत्रक क्र. १२' हे शीर्षक कोणाच्याच उपयोगाचे नाही. 'डाळिंबावरील तेल्या रोग : लक्षणे व नियंत्रण' हे शीर्षक आपले काम करते. दोन पानांना एकच शीर्षक देऊ नये.

संक्षिप्त वर्णन : शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळी आपण लिहून दिल्या नाहीत, तर यंत्र पानातील कोणतेही वाक्य उचलते. पानात नेमके काय मिळेल हे त्या दोन ओळींत सांगावे.

पहिला परिच्छेद : 'डाळिंब हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे फळपीक आहे' या वाक्याने आरंभ करण्याची सवय सोडावी. डाळिंब उत्पादकाला ते ठाऊक असते. पहिल्या तीन-चार वाक्यांत प्रश्नाचे थेट उत्तर द्यावे, तपशील नंतर.

उपशीर्षके : लक्षणे, प्रसार, उपाय, दक्षता अशी उपशीर्षके केवळ ठळक अक्षरांत न देता शीर्षक म्हणूनच चिन्हांकित करावीत, म्हणजे यंत्रालाही पानाची रचना कळते.

छायाचित्रे : रोग ओळखण्यासाठी छायाचित्रासारखे साधन नाही. परंतु कॅमेऱ्याने दिलेल्या क्रमांकाच्या नावाने, प्रचंड आकाराची फाईल चढवली तर ती ग्रामीण जोडणीवर उघडत नाही आणि शोधयंत्रालाही तिचा विषय समजत नाही. फाईलचा आकार कमी करावा, तिला अर्थपूर्ण नाव द्यावे आणि 'तेल्यामुळे भेगाळलेले डाळिंबाचे फळ' असा पर्यायी मजकूर जोडावा. ज्याला दिसत नाही अशा वाचकासाठीही तो मजकूर उपयोगी पडतो.

पत्ता : पानाचा पत्ता लहान, अर्थपूर्ण आणि जोडरेषांनी तोडलेला असावा. देवनागरी पत्ता संदेशात पाठवताना बहुधा चिन्हांची लांबलचक रांग होते, म्हणून रोमन अक्षरांतील छोटा पत्ता सोयीचा.

प्रत्येक पान हे प्रवेशद्वार

वर म्हटल्याप्रमाणे शेतकरी थेट आतल्या पानावर येतो. याचा एक गंभीर परिणाम आहे. आपण सुरक्षिततेच्या सूचना पुस्तिकेच्या अखेरीस किंवा वेगळ्या विभागात देतो. छापील पुस्तिकेत त्या निदान एकाच हातात असतात. संकेतस्थळावर मात्र फवारणीचे पान वाचणारा 'सुरक्षा' विभाग कधीच उघडत नाही.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि तिचा दोष शोधयंत्राला देण्याचा येथे हेतू नाही. परंतु फवारणीविषयी जे जे आपण लिहू, त्याच पानावर संरक्षक साधने, मिश्रण करण्यातील धोके, विषबाधेची लक्षणे आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी यांचा उल्लेख असलाच पाहिजे, हा धडा त्यातून घेता येतो. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांकही प्रत्येक पानाच्या तळाशी असावा. वाचक कोणत्याही दाराने आत आला तरी आवश्यक ते त्याच्या दृष्टीस पडले पाहिजे.

जुन्या पानांची जबाबदारी

सापडण्याची धडपड करणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. आपले चुकीचे किंवा कालबाह्य पानही तितक्याच सहजतेने सापडते. उसातील हुमणीसाठी किंवा अन्य जमिनीतील किडींसाठी जुन्या पुस्तिकांत फोरेट दाणेदार वापरण्याची शिफारस असे. केंद्र सरकारच्या २०१८ मधील आदेशानुसार फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांसह सहा कीटकनाशकांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. छापील पुस्तिका कालांतराने फाटते, हरवते. संकेतस्थळावरील पान मात्र जसेच्या तसे राहते, आणि सरकारी संस्थेचे म्हणून त्यावर विश्वासही अधिक बसतो.

म्हणून प्रत्येक पानावर लेखकाचे नाव व पद, ते कोणत्या विभागासाठी लागू आहे, आणि शेवटचे पुनरावलोकन केव्हा झाले, हे स्पष्ट असावे. पुनरावलोकन न करता केवळ तारीख बदलणे ही वाचकाची फसवणूक आहे. हंगामापूर्वी प्रत्येक रसायनाची सध्याच्या लेबल क्लेमशी पडताळणी व्हावी. बाद झालेले पान गुपचूप काढून टाकू नये. त्याचा पत्ता नव्या पानाकडे कायमस्वरूपी वळवावा, अथवा वरच्या बाजूस 'ही शिफारस आता लागू नाही' अशी ठळक सूचना देऊन नव्या पानाचा दुवा द्यावा.

याच अनुषंगाने संकेतस्थळांच्या नूतनीकरणाबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. नवा ठेकेदार येतो, नवे रूप येते आणि सर्व जुने पत्ते एका रात्रीत मृत होतात. ज्या पानांना इतर संस्थांनी, वृत्तपत्रांनी, शेतकरी गटांनी वर्षानुवर्षे दुवे दिले, ती पाने उघडेनाशी होतात. दुसऱ्या विश्वासार्ह ठिकाणाहून येणारा दुवा हा शोधयंत्राच्या लेखी शिफारशीसारखा असतो, आणि असे असंख्य दुवे आपण आपल्याच हाताने तोडतो. नूतनीकरणाच्या करारात जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे वळवण्याची अट असलीच पाहिजे.

जाहिरात नव्हे काय?

'आपले काम संशोधनाचे, पहिला क्रमांक मिळवण्याचे नव्हे,' असे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात. या क्षेत्रात भुलवणारे बरेच असल्याने त्यांचा संशय अनाठायी नाही. पहिल्या क्रमांकाची हमी देणारे, विकतचे दुवे जोडून देणारे, एकच शब्द पानात पन्नास वेळा पेरणारे सल्लागार सर्वत्र आहेत. त्यांच्यापासून दूरच राहावे. पानाच्या सांकेतिक भागात शोधशब्दांची लांब यादी भरण्याची जुनी युक्ती तर निरुपयोगी आहे. क्रम लावताना ती यादी आपण विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते.

परंतु मी जे सुचवत आहे त्यात युक्ती कोठेच नाही. वाचनीय लिपी, शेतकऱ्याचा शब्द, नेमके शीर्षक, थेट उत्तर, लेखकाचे नाव आणि ताजी तारीख ही चांगल्या विस्तार साहित्याचीच लक्षणे आहेत. प्रत्यक्ष अनुभव, विषयातील अधिकार आणि विश्वासार्हता या गोष्टींना महत्त्व देण्याचा प्रयत्न शोधयंत्रेही करतात, आणि या गोष्टी आपल्या संस्थांपाशी आधीपासून आहेत. प्रक्षेत्रावरील चाचण्या आपण घेतो, छायाचित्रे आपली असतात. उणीव आहे ती मांडणीची. आता प्रश्न विचारताच तयार उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. तीही उपलब्ध, वाचनीय मजकुरावरच अवलंबून असतात. आपला मजकूर त्यांना वाचता आला नाही, तर उत्तर दुसऱ्या कोणाच्या मजकुरातून तयार होईल.

परिणाम लगेच दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे. नव्या पानाची नोंद होऊन ते स्थिरावण्यास आठवडे, कधी महिने लागतात. खरिपाची पाने जूनमध्ये लिहावयास घेतली तर उशीर झालेला असतो. ती फेब्रुवारी-मार्चमध्येच तयार हवीत.

मोजमाप आणि सहभाग

मृदा परीक्षणाशिवाय खतांची मात्रा ठरवू नये, असे आपण शेतकऱ्याला सांगतो. संकेतस्थळाच्या बाबतीत तोच नियम आपण पाळत नाही. गूगलचे 'सर्च कन्सोल' हे विनामूल्य साधन संकेतस्थळाला जोडले, तर लोक कोणते शब्द टंकून आपल्या पानापर्यंत आले, किती वेळा आपले पान निकालात दिसले आणि किती जणांनी ते उघडले, हे मागील सोळा महिन्यांपर्यंत पाहता येते. दिसते पण उघडले जात नाही असे पान असेल, तर शीर्षक व वर्णन तपासावे. ज्या प्रश्नासाठी आपण निकालात दिसतो पण ज्याचे उत्तर आपल्या पानात नाही, त्या प्रश्नावर नवे पान लिहावे. हा अहवाल महिन्यातून एकदा संगणक कक्षाने विषयतज्ज्ञांच्या टेबलावर ठेवला पाहिजे.

गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यांचा वाटा यात सर्वांत मोलाचा आहे. शेतकरी कोणत्या रोगाला काय म्हणतात, कोणता प्रश्न कोणत्या आठवड्यात विचारतात, हे त्यांच्याइतके कोणासच ठाऊक नसते. प्रत्येकाने एक वही ठेवावी आणि प्रश्न शेतकऱ्याच्या शब्दांत, न सुधारता, पिकाच्या व तालुक्याच्या नावासह टिपून घ्यावा. हंगामाअखेरीस ती वही संशोधन केंद्राकडे पोहोचली, तर शीर्षके कशी असावीत हे ठरवण्यासाठी दुसऱ्या सल्लागाराची गरज उरणार नाही. गटांत माहिती पाठवतानाही फाईल पुढे ढकलण्याऐवजी मूळ पानाचा दुवा पाठवावा. शिफारस बदलली तर दुव्यावर नवी माहिती दिसेल. पुढे ढकललेली फाईल मात्र तशीच फिरत राहील.

ज्या प्रगतिशील शेतकऱ्यांची रोपवाटिका, बेदाणा, गूळ किंवा आंबा यांच्या थेट विक्रीसाठी स्वतःची छोटी संकेतस्थळे आहेत, त्यांनाही हेच नियम लागू पडतात. 'दर्जेदार उत्पादने, विनम्र सेवा' असे लिहिण्यापेक्षा वाण, गाव, तालुका, हंगामाचे महिने, पाठवण्याची पद्धत आणि दर विचारण्याचा क्रमांक स्पष्ट द्यावा. मोठ्या विक्रेत्यांशी 'आंबा' या एका शब्दावर स्पर्धा होऊ शकत नाही. मात्र आपल्या तालुक्याचे नाव आणि आपले वाण घेऊन शोधणारा ग्राहक छोट्या उत्पादकापर्यंत निश्चित पोहोचू शकतो.

आमच्या त्या पुस्तिकेची आम्ही पुढे सात पाने केली. मजकूर युनिकोडमध्ये आणला, शीर्षकात 'तेल्या' हा शब्द घेतला, छायाचित्रे हलकी केली, प्रत्येक पानावर जबाबदार शास्त्रज्ञाचे नाव घातले. काही महिन्यांनी शोधाचा अहवाल उघडला तेव्हा 'तेल्या आलेल्या बागेत छाटणी कधी करावी' हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलेला दिसला. आमच्या सातही पानांत त्याचे सलग उत्तर नव्हते, आणि मूळ पुस्तिकेतही ते एका ओळीत उरकलेले होते. इतकी वर्षे हा प्रश्न शेतकऱ्यांच्या मनात होता, आमच्यापर्यंत मात्र तो पोहोचलेला नव्हता. आठवे पान आम्ही त्यावरच लिहिले.